पासंग

"एक ते दहा, काका. आज केवढं?"
सयाजी हॉस्पिटल, खोली नंबर सत्तावीस.
हिरलबेन पेनचं टोपण दातात धरून बसलेली.
मी म्हणतो, सहा.
मागच्या खेपेला सात म्हणालो होतो. खरं तर आठ होतं,
पण बाहेर बाकावर एक बाई
तोंडात पदर कोंबून बसली होती.
तिला पाहून एक कमी केला.

एकतीस वर्षं तोलमाप खात्यात काढली मी.
चोखंडी, मांडवी, खंडेराव मार्केट,
बुधवारी पाणीगेट.
लाकडी पेटीत मखमलीच्या खाचा, खाचांत प्रमाण वजनं.
चिमट्यानं उचलायची ती, हाताचा घामसुद्धा लागता कामा नये.
वजनाच्या पोटात शिसं, शिशावर त्या वर्षाचा शिक्का.
शिक्का नसेल तर ते वजन नव्हेच,
नुसतं लोखंड.

माझ्या सहावर कुणाचा शिक्का आहे, हिरलबेन?

काळ्या घोड्यापाशी टेम्पोनं उडवलं
(हे मी ऐकलेलं सांगतो).
डाव्या चार फासळ्या, फुप्फुस मिटलेलं.
कॅज्युअल्टीत मिसरूड फुटलेला एक पोरगा,
हात थरथरत होता त्याचा, एवढं मात्र मी पाहिलंय.
नळी सरळ गेली.
सायकलच्या ट्यूबमधून निघावी तशी हवा निघाली
आणि मी परत आलो.

चौदा महिने झाले.
दोन बोटांची खूण, छान बुजलेली.
डॉक्टर वसावडा एक्स-रे खिडकीला लावतात:
"एकदम क्लीन, मोहितेसाहेब."
क्लीनच आहे. मलाही दिसतं.
पण रात्री पंख्याचा वारा लागला
तरी तिथं कुणीतरी वजन ठेवतं
आणि उचलायला विसरतं.
बनियन उलटं घालतो हल्ली, शिवण बाहेर.

"जीव वाचला ना? मग?"
मेहुणा म्हणतो, शेजारचे शहासाहेब म्हणतात,
पेन्शनच्या रांगेत तर सगळेच.
बरोबर आहे.
एका पारड्यात अख्खा जीव ठेवला
तर दुसऱ्यातलं हे दुखणं पासंगालाही पुरायचं नाही.
म्हणून मी गप्प.
त्या पोराचे आभार मानायचेत अजून,
आणि आभार मानताना कण्हू नये.

कुमुद आकडा विचारत नाही.
"अर्धी पोळी ठेवलीत," म्हणते,
किंवा, "आज पेपर उघडला नाहीत."
तिचा काटा कधी चुकत नाही.
पण फॉर्मवर त्याला रकाना नाही.

दुकानात शिरलं की आधी वजनं बघायची नसतात.
आधी तागडी रिकामी धरायची,
काटा मध्ये थांबतो का बघायचं.
नव्या पोरांना मी हेच पहिलं शिकवायचो.
हिरलबेन, माझी रिकामी तागडीच डावीकडे कलते.
तुम्ही त्यावर आकडे ठेवत बसता.

परवा खंडेराव मार्केटात गेलो, एकटाच.
मंगुबेनकडे दुधी, गवार, दोन किलो बटाटे.
हिची तागडी मी जप्त केली होती, शहाण्णव साली:
पारड्याखाली चिंचेचा गोळा, सुपारीएवढा.
रडली नव्हती. नुसती बघत राहिली होती.
परवाही तशीच बघत होती,
माझ्या उजव्या खांद्याकडे.
तो खाली गेलाय, मला ठाऊकच नव्हतं.
डावीकडचं तोलायला उजवीकडे झुकून
मी चौदा महिने चालतोय.

पिशवी तिनं माझ्या हातात दिलीच नाही.
"रहेवा दो, साहेब."
स्वतः रिक्षापर्यंत आली, सीटवर ठेवली,
वर मूठभर मिरच्या टाकल्या,
न तोलता.
मी हरकत घेतली नाही.